अस्सल कागद की बखर? : पाळतीच्या दप्तराचे वाङ्मयीन स्वरूप

१

मराठी इतिहाससंशोधनाने वि. का. राजवाडे यांच्या काळापासून एक दंडक स्वीकारला आहे. व्यवहाराच्या ओघात, घटनेच्या वेळीच लिहिला गेलेला अस्सल कागद पुराव्याच्या दृष्टीने श्रेष्ठ. आणि घटनेनंतर, कोणाच्या तरी आज्ञेवरून वा गौरवार्थ रचलेली बखर त्या मानाने कनिष्ठ. या दंडकाने दंतकथेला लगाम घातला आणि इतिहासलेखनाला शिस्त लावली, यात शंका नाही. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा एक कागद विपुल प्रमाणात निर्माण झाला, की जो या वर्गवारीत नीटसा बसत नाही. शासनाच्या गुप्त पोलिसांनी आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवून सिद्ध केलेले दप्तर हा तो कागद होय.

बाह्य लक्षणे पाहिली तर हा कागद अस्सलांतील अस्सल ठरतो. तो त्याच दिवशी, कित्येकदा तास-मिनिटांच्या हिशेबाने लिहिलेला असतो. त्यावर तारीख असते, नोंदणीक्रमांक असतो, अधिकाऱ्याची सही असते. परंतु त्याचे अंतरंग बखरीचे असते. माणूस संशयित आहे हा निष्कर्ष आधी ठरलेला असतो, आणि दिवसाचे तपशील त्या निष्कर्षाच्या सेवेला मागाहून रुजू होतात. या दुहेरी स्वरूपाचा विचार न करता दप्तर वाचले, तर वाचक नकळत पहारेकऱ्याच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. पूर्व जर्मनीच्या दप्तरांतून जन्मलेल्या तीन पुस्तकांच्या आधारे हा प्रश्न तपासण्यासारखा आहे.

२

पूर्व जर्मनीचे राज्यसुरक्षा मंत्रालय, म्हणजेच ‘स्टासी’, १९५० साली स्थापन झाले. १९८९ साली त्याचे सुमारे ९१,००० पूर्णवेळ नोकर होते आणि त्यांच्या जोडीला दीड लाखांहून अधिक खबरे होते. देशाची लोकसंख्या मात्र एक कोटी साठ लाखांच्या आसपासच होती. या यंत्रणेचे बळ केवळ चोरून ऐकण्यात नव्हते. टपाल, घरवाटप, नोकरी, शिक्षण अशा निरनिराळ्या ठिकाणी नागरिकाने निरनिराळ्या कारणांसाठी दिलेली माहिती एकत्र आणता येणे, हे तिचे खरे बळ होते. खऱ्या नावांची पत्रके एका सूचीत आणि प्रकरणांची पत्रके दुसऱ्या सूचीत ठेवलेली असत. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे नोंदणीक्रमांक. त्यामुळे एकच सूची हाती लागली, तरी कोण कोणावर नजर ठेवतो याचा उलगडा होत नसे.

जानेवारी १९९० मध्ये बर्लिनच्या नागरिकांनी या मंत्रालयाचे मुख्यालय ताब्यात घेतले. डिसेंबर १९९१ च्या कायद्याने पाळतीखालील माणसाला आपले दप्तर पाहण्याचा अधिकार मिळाला आणि जानेवारी १९९२ पासून वाचन सुरू झाले. १११ किलोमीटर लांबीच्या फळ्या भरतील इतके हे कागद होते. ज्याच्याविषयी लिहिले त्यालाच एका नव्या वाचकाचे स्थान देणारी ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकालाही महत्त्वाची वाटावी अशी आहे.

३

कवी राइनर कुंझे याने कायद्याची वाटही पाहिली नाही. १९७७ साली देश सोडलेल्या या कवीवरील दप्तराचे बारा खंड, ३,४९१ पृष्ठे, त्याच्या हाती आले. त्यांतील निवडक उतारे त्याने १९९० साली ‘डेकनामे ल्यूरिक’ या छोट्या पुस्तकात प्रसिद्ध केले. ‘ल्यूरिक’, म्हणजे भावकविता, हे पोलिसांनी त्या प्रकरणाला दिलेले सांकेतिक नाव होते. मित्र म्हणून वावरणारा इब्राहिम ब्यॉमे अहवाल देत होता, हेही त्या कागदांवरून उघड झाले. हाच गृहस्थ त्या वर्षी पूर्व जर्मनीतील नव्या सामाजिक लोकशाही पक्षाचा अध्यक्ष झाला होता.

कुंझे भाष्य जवळजवळ करीत नाही. कागदच बोलू देतो. शासनाने लिहिलेले वाक्य शासनाविरुद्ध साक्ष देते, हे या पद्धतीचे सामर्थ्य होय. कवितेला पुराव्याची वस्तू समजणारी कार्यालयीन भाषा आपले दारिद्र्य आपणच प्रकट करते. परंतु तिची मर्यादाही येथेच आहे. पुस्तकात कवी दिसतो तो पोलिसांना दिसला तेवढाच. त्याच्या दिवसाचे जे अंग खबऱ्याच्या नजरेपलीकडे राहिले, ते वाचकालाही अदृश्यच राहते. बखरीचा निषेध करण्यासाठी बखर छापली, तरी नायकाचे चित्र बखरकाराचेच राहते.

४

ही उणीव टिमथी गार्टन अ‍ॅश याच्या ‘द फाइल’ (१९९७) या पुस्तकात भरून निघते. हा इंग्रज अभ्यासक हिटलरकालीन बर्लिनवर प्रबंध लिहिण्यासाठी १९७८ साली बर्लिनला आला आणि १९८० साली काही महिने शहराच्या पूर्व भागात राहिला. त्याच्यावरील ३२५ पृष्ठांच्या दप्तराचे सांकेतिक नाव ‘रोमिओ’. अ‍ॅश दप्तराशेजारी आपली त्या काळातील रोजनिशी ठेवतो, आणि एकाच संध्याकाळच्या दोन अस्सल नोंदी वाचकापुढे येतात. एकीत वेळ, रस्ता, पोशाख अचूक आहेत, पण अर्थ चुकलेला आहे. दुसरीत अर्थ आहे, पण पुष्कळ तपशील गळालेला आहे. दोन्हींपलीकडे स्मृती आहे, आणि ती दोघींनाही दगा देते.

त्यानंतर अ‍ॅश खबऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष गाठतो. त्यांपैकी अनेकांची खरी नावे तो झाकून ठेवतो. ज्यांनी नाव लपवून त्याच्याविषयी लिहिले, त्यांचे नाव लपवूनच तो त्यांच्याविषयी लिहितो. या विवेकात सूड नाही. त्याला तेथे राक्षस आढळत नाहीत. भय, स्वार्थ, कर्तव्याची विपरीत कल्पना आणि स्वतःची समजूत घालण्याची हातोटी यांनी पोखरलेली साधी माणसे आढळतात. लोकांचे बोलणे टिपून प्रसिद्ध करण्याचा आपला व्यवसाय हेराच्या व्यवसायाशी नाते सांगतो, याचीही जाणीव त्याने दडविलेली नाही. तरीही एक आक्षेप उरतोच. अ‍ॅशपाशी परदेशाचे पारपत्र होते. दप्तरामुळे त्याचे घर, नोकरी वा मुलांचे शिक्षण धोक्यात आले नाही. त्याची समतोल वृत्ती हा त्याचा गुण खरा. पण ती त्याला परवडणारी होती, हे विसरता येत नाही.

५

ख्रिस्ता वोल्फ हिला ती परवडणारी नव्हती. तिची ‘वास ब्लाइप्ट’ (काय उरते) ही दीर्घकथा १९९० साली प्रसिद्ध झाली. पूर्व बर्लिनमधील एका लेखिकेचा एक दिवस हा तिचा विषय. खिडकीखाली मोटार उभी आहे, आत तरुण बसले आहेत. दूरध्वनीवर मोकळे बोलता येत नाही. भय न मोजणारी एक मुलगी हस्तलिखित घेऊन येते, आणि सायंकाळी जाहीर वाचनाच्या वेळी बाहेर जमलेल्या तरुणांना पोलीस पांगवितात. कथेचा गाभा मात्र मोटारीत नाही. नायिकेच्या मनातच एक पहारेकरी बसला आहे. वाक्य कागदावर उतरण्याआधी तो ते तपासतो. बाहेरची पाळत उठली तरी ही आतली उठेल काय, हा कथेचा खरा प्रश्न आहे.

कथा प्रसिद्ध होताच उल्‌रिख ग्राइनर आणि फ्रांक शिरमाखर या टीकाकारांनी तिच्यावर हल्ला चढविला. धोका होता तेव्हा लेखिका गप्प राहिली आणि धोका टळल्यावर तिने आपले दुःख पुढे मांडले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जानेवारी १९९३ मध्ये वादाला निराळेच वळण मिळाले. १९५९ ते १९६२ या काळात ‘मार्गारेटे’ या नावाने आपणच स्टासीची खबरी होतो, हे वोल्फने जाहीर केले. ही गोष्ट आपण विसरून गेलो होतो, असे तिचे म्हणणे होते. तिच्यावर पुढे ठेवलेल्या पाळतीचे दप्तर बेचाळीस खंडांचे होते; तिने दिलेल्या अहवालांचे कागद त्या मानाने अगदी थोडे होते. तरीही काही काळ त्या थोड्या कागदांनीच तिचे सगळे लेखन झाकून टाकले.

या दोन्ही वादांत कथेचे वाचन मागे पडले. ‘मार्गारेटे’च्या कागदांमुळे कथा खोटी ठरत नाही, उलट मनातल्या पहारेकऱ्याचे इतके नेमके वर्णन तिला का साधले, याचा एक धागा त्यांत सापडतो. परंतु कथेत एक खरे वैगुण्य आहे आणि ते वाङ्मयीन आहे. कथेच्या शेवटी लेखनकाळ दिला आहे : १९७९ चा उन्हाळा आणि नोव्हेंबर १९८९. कोणते वाक्य भयाच्या काळातले आणि कोणते भिंत कोसळतानाचे, हे वाचकाला कळण्याची सोय नाही. धैर्य आणि भय यांचाच हिशेब मांडणाऱ्या कथेत हा भेद पुसट होणे गौण नव्हे. राजवाड्यांच्या दंडकाने पाहता येथे अस्सल कागद आणि बखर एकाच पानावर मिसळली आहेत. टीकाकारांना लेखिकेच्या चारित्र्याऐवजी या मिश्रणाविषयी प्रश्न विचारता आला असता; तो अधिक कठोर झाला असता आणि अधिक न्याय्यही.

६

या तीन पुस्तकांवरून एवढा निष्कर्ष काढता येईल : कागद अस्सल असणे आणि खरा असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाळतीच्या दप्तराला दुसऱ्या नोंदीची जोड मिळेल तेव्हाच ते पुरावा म्हणून वापरण्याजोगे होते; आणि ती दुसरी नोंद ज्या माणसापाशी असते, त्याला दप्तर वाचावयास मिळाल्यावाचून ती जोड मिळत नाही. जर्मन कायद्याचे मोल केवळ राजकीय नाही. तो ज्ञानाच्या पद्धतीचाही भाग आहे.

आजच्या पाळतीत हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. स्टासीच्या अहवालात निदान विशेषण सापडत असे, आणि विशेषणावरून लिहिणारा ओळखता येत असे. यंत्राने जुळविलेल्या नोंदींत विशेषण नसते. केवळ वेळ, स्थळ, रक्कम आणि संपर्क असतात. त्यामुळे त्या निर्विकार भासतात. वस्तुतः कोणती नोंद कोणत्या नोंदीशेजारी ठेवावयाची, या निवडीतच तेथील बखरकार दडलेला असतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने नागरिकाला स्वतःविषयीची माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला. पण सार्वभौमत्व, सुरक्षितता आदी कारणांसाठी आपल्या यंत्रणांना त्या अधिनियमातून वगळण्याची मुभाही केंद्र शासनाला त्याच अधिनियमाने दिली. जेथे दप्तर सर्वांत जाड होण्याचा संभव, नेमके तेथेच दुसरा वाचक नसण्याची ही तरतूद आहे. असे दप्तर उद्या कोणा संशोधकाच्या हाती पडले, तर ते त्याला अस्सल दिसेल, आणि ते खरे आहे की नाही हे विचारावयाचे कोणाला, हे मात्र त्याला समजणार नाही.