समुपदेशक नेमला, पुढे काय?

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, शिकवणी वर्ग, वसतिगृहे अशा सर्वांना त्या लागू आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. तेव्हा सूचनांची गरज होती, यात वाद नाही.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे. 'टेलि-मानस'चा क्रमांक ठळकपणे लावावा, असे त्यांत आहे. समुपदेशकांचे 'योग्य प्रमाण' राखावे असेही म्हटले आहे. पण ते किती, हे सांगितलेले नाही. आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. अशी व्यवस्था कागदावर पूर्ण झाली, तरी खचलेला विद्यार्थी आपणहून समुपदेशकाचे दार ठोठावील, हे गृहीतच धरले जाते. प्रत्यक्षात तो बहुधा गप्प होतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा 'विद्यापीठ आपल्या दारी, तंत्रज्ञान शेतावरी' हा उपक्रम आपल्या परिचयाचा आहे. शेतकरी कार्यालयात येईपर्यंत थांबले तर हंगाम हातचा जातो, म्हणून शास्त्रज्ञ बांधावर जातात. विस्तारकार्याचा हा धडा कोणत्याही विद्यापीठाने स्वतःच्या वर्गातही का गिरवू नये? मराठी माध्यमातून आलेला मुलगा पदवीच्या इंग्रजीत अडखळतो, घरी पीक गेलेले असते, फी थकलेली असते. त्याची गैरहजेरी शिक्षकाला दिसते, ताट न घेणे मेसवाल्याला दिसते आणि खिडकीवरून परत फिरणे लिपिकाला दिसते. समुपदेशकाला यातले काहीच दिसत नाही.

मग विचारायचे कसे? आत्महत्येचा विषय काढला तर तो विचार डोक्यात भरेल, ही भीती सार्वत्रिक आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतल्या 2,342 विद्यार्थ्यांवर ही समजूत तपासली गेली. निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. एका गटाला असे प्रश्न विचारले, दुसऱ्याला नाहीत. दोन दिवसांनी पहिल्या गटात अस्वस्थता किंवा तसे विचार वाढलेले आढळले नाहीत. नैराश्याची लक्षणे असलेल्यांची अस्वस्थता उलट कमी होती.

म्हणून एकांतात, शांतपणे, स्पष्ट विचारावे. उपदेश न करता ऐकावे. जिवाला धोका वाटला तर 'कुणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, त्याला एकटे सोडू नये. समुपदेशकाकडे किंवा दवाखान्यात स्वतः सोबत जावे. 14416 हा 'टेलि-मानस'चा क्रमांक आपणच लावून द्यावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी करावी. फीची मुदत, राहिलेले प्रात्यक्षिक, फेरपरीक्षा हे प्रश्न समुपदेशकाच्या हातातले नसतात. ते शिक्षक आणि कार्यालय यांनीच सोडवायचे असतात.

शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा कोणीच करत नाही. हजेरीपटावरील सलग तीन गैरहजेऱ्यांचे कारण त्याने विचारावे, एवढी मात्र नक्कीच आहे.