स्वीकाराचा प्रश्न : दोन लायब्रऱ्यांचे तौलनिक परीक्षण

भोकरदन तालुक्यातील केदारखेडा येथील एखादी विद्यार्थिनी परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मोबाइलवरून सर्व्हरशी संपर्क साधते, असे क्षणभर गृहीत धरू. जोडणी झाली असे मोबाइल मानतो. पान मात्र उघडत नाही. या विसंगतीचे एक कारण असे की, जोडणी होणे आणि ती स्वीकारली जाणे या दोन भिन्न क्रिया आहेत. असमकालिक स्वीकाराची सोय देणाऱ्या लायब्रऱ्यांची परीक्षा याच भेदाच्या कसोटीवर व्हावयास हवी.

१९८३ च्या बर्कले युनिक्सने (४.२ बीएसडी) सॉकेटची संकल्पना रूढ केली. तीतील ‘अ‍ॅक्सेप्ट’ ही आज्ञा रांगेत उभी असलेली जोडणी प्रोग्रामच्या हाती देते. टीसीपीची तीन टप्प्यांची देवाणघेवाण कर्नलने तत्पूर्वीच उरकलेली असते. ही रांग मर्यादित असते. लिनक्समध्ये तिची मूळ ठरीव कमाल मर्यादा २०१९ मधील ५.४ आवृत्तीत १२८ वरून ४०९६ करण्यात आली. रांग रिकामी असता साधी ‘अ‍ॅक्सेप्ट’ प्रोग्रामला खोळंबून ठेवते. असमकालिक पद्धतीने हा खोळंबा टळतो. रांग मात्र टळत नाही.

ख्रिस्तोफर कोलहॉफ यांची ‘असिओ’ ही सी प्लस प्लसची लायब्ररी २००८ मध्ये ‘बूस्ट’ संग्रहात समाविष्ट झाली. तिचे ‘असिंक अ‍ॅक्सेप्ट’ एका वेळी एकच जोडणी स्वीकारते; पुढील जोडणीसाठी ते पुन्हा बोलवावे लागते. नवशिक्याला हे जाचक वाटते आणि तो विसरतोही. मग पहिल्या ग्राहकाशी व्यवहार चालू असेतो नवे ग्राहक रांगेत शिरत राहतात, पण त्यांची दखल कोणीच घेत नाही. चूक घडते, तरी तिचा संदेश कोठेही उमटत नाही. हा दोष खराच.

पायथनच्या ३.४ आवृत्तीबरोबर २०१४ मध्ये आलेल्या ‘असिंक-आयओ’ने हा जाच दूर केला. तिचे ‘स्टार्ट सर्व्हर’ स्वीकाराची पुनरावृत्ती स्वतःच करते. फाइल-क्रमांक संपले तर एक सेकंद थांबून पुन्हा प्रयत्नास लागते. सोय निर्विवाद आहे. परंतु हाती किती काम आहे याचा विचार न करता ते स्वीकारीत जाते. कर्नलच्या रांगेतील गर्दी प्रोग्रामच्या स्मृतीत येऊन साचते. तेथे तिला आपोआप अशी मर्यादा नसते.

येथे ‘असिओ’च्या जाचाचे मोल ध्यानात येते. पुन्हा बोलविण्याची ती एक ओळ म्हणजे, ‘आणखी एकाची सेवा करण्याची आपली शक्ती आहे काय?’ हा प्रश्न विचारण्याची जागा होय. शक्ती नसेल तर बोलावणे लांबणीवर टाकता येते. ‘असिंक-आयओ’ने कटकटीबरोबर हा निर्णयही नजरेआड केला. तिच्या खालच्या थरात ‘सॉक अ‍ॅक्सेप्ट’ उपलब्ध आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु परिचयाचा पाठ सहसा तेथून सुरू होत नाही.

म्हणून आमचे मत असे की, अध्यापनाचा आरंभ त्या खालच्या थरापासून व्हावा आणि सोयीचे फंक्शन मागाहून यावे. ज्याने स्वीकाराची ओळ स्वतः लिहिली, त्यालाच ती केव्हा लिहू नये हे कळेल. केदारखेड्याच्या त्या विद्यार्थिनीला पान मिळणे वा न मिळणे पुष्कळदा याच विवेकावर अवलंबून असते.