विनय गायतोंडे कोठे गेला?

डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेचा विषय निघाला की ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी हटकून म्हणतो, "पानिपतावर आपण जिंकलो असतो तर काय बहार झाली असती!" २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. त्यानंतर या कथेची आठवण निघाली तेव्हाही आमच्या कानांवर हाच सूर आला. ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे, तीत गैर काही नाही. परंतु ती अर्धीच कथा वाचून दिलेली प्रतिक्रिया आहे आणि विज्ञान आहे ते न वाचलेल्या अर्ध्यात, असे आमचे मत आहे. ही कथा वर्गात शिकविणाऱ्यांसाठी ते थोडे विस्ताराने मांडतो.

कथानक बहुतेकांना ठाऊक असेल. या कथेचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' या नावाने समाविष्ट झाले. येथील तपशील त्या रूपातले आहेत. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते आणि ते एका वेगळ्याच जगात वावरू लागतात. तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांवर सुटलेली गोळी कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले. ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसारख्या मोजक्या ठाण्यांपुरती उरली. पेशव्यांनी स्वतःची विज्ञान व तंत्रज्ञानाची केंद्रे उभारली, पुढे लोकशाही आली. हे सारे गंगाधरपंतांना एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वाचायला मिळते. नंतर आझाद मैदानावर एका व्याख्यानात ते रिकामी दिसलेली अध्यक्षांची खुर्ची पटकावतात. अध्यक्षाची प्रथाच मोडीत काढलेला तो श्रोतृवर्ग टोमॅटो आणि अंडी यांनी त्यांचा समाचार घेतो. हा प्रसंग वाचताना वर्ग खळखळून हसतो, हे शिक्षकांनी अनुभवले असेलच.

मात्र ग्रंथालयात जाण्यापूर्वीचा एक छोटा प्रसंग सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. गंगाधरपंत मुंबईत उतरल्यावर प्रथम फोर्ब्स कंपनीच्या इमारतीत जातात व आपला मुलगा विनय गायतोंडे याची चौकशी करतात. तेथील बाई दूरध्वनीची यादी पाहते, नोकरवर्गाची यादी पाहते, शेवटी सर्व शाखांची यादी पाहते. विनय गायतोंडे नावाचा कोणी नाही. तेव्हा पंतांच्या मनात येते की या जगात आपण स्वतः हयात नसू, आणि मुलगा तर कदाचित जन्मलाच नसेल. जेमतेम काही ओळींचा हा मजकूर आहे. आमच्या मते कथेचा कणा तोच.

हे मत बनण्यास उल्हासनगर कारण झाले. कॅम्प ४ मधील एका शाळेत शिक्षक आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी यांच्यासमवेत आम्ही ही कथा वाचली. उल्हासनगरचा इतिहास वाचकांना माहीत असेल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवले गेले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि छावणीचे पाच कॅम्प आजही पत्त्यांतून नांदत आहेत. कित्येकांच्या पत्त्यात अजून बराकीचा क्रमांक असतो. कॅम्प ४ मध्ये सिंधी कुटुंबांच्या जोडीने मराठी वस्तीही मोठी आहे. अशा वर्गाची प्रतिक्रिया पुण्याच्या वर्गासारखी असणार नाही, एवढी कल्पना आम्हांला होती. ती किती वेगळी असेल याची नव्हती.

पहिला हात वर आला तो अपेक्षेप्रमाणे पानिपतासाठी. दुसरा एका सिंधी विद्यार्थ्याचा. त्याने कथेतील आगगाडीचा प्रवास नीट वाचला होता. गंगाधरपंत पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने निघतात. शेजारी बसलेले खानसाहेब मुंबईहून पुढे दिल्ली, लाहोर करीत पेशावरला चालले आहेत. म्हणजे त्या जगात फाळणी झालेली नाही! मग आजोबांचे सिंधमधले घर अजून आमचेच असेल, असे तो म्हणाला. यावर त्याच्या मागच्या बाकावरून प्रश्न आला : "पण तू कुठे असशील?"

हा प्रश्न विचारणाऱ्याने गंमत केली होती; आम्ही मात्र फळ्याकडे वळलो. गाडी कर्जतला थोडी थांबते आणि कल्याणमधून धडधडत पुढे जाते, असे कथेत आहे. कर्जत-कल्याण मार्गावर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी ही स्थानके लागतात. म्हणजे जिजामाता एक्स्प्रेस कॅम्प ४ च्या अंगावरूनच गेली. पण इंग्रजांचे राज्य नाही म्हणजे त्यांची छावणी नाही, फाळणी नाही म्हणजे निर्वासित नाहीत. गंगाधरपंतांनी तेथे खिडकीतून पाहिले असते तर त्यांना उल्हास नदीच्या खोऱ्यातले कोणते तरी गाव दिसले असते, उल्हासनगर नव्हे. अंबरनाथचे अकराव्या शतकातले शिवमंदिर तेवढे दोन्ही जगांत सारखे. आणि त्या विद्यार्थ्याचे आजी-आजोबा? त्यांची गाठ या कॅम्पातच पडली होती.

आता हिशेब मांडू. १७६१ पासून आजपर्यंत सुमारे नऊ पिढ्या झाल्या. मागे जाताना प्रत्येक पिढीत पूर्वज दुप्पट होतात, म्हणजे नवव्या पिढीत ते ५१२ होतात (एकच पूर्वज दोन वाटांनी येत असेल तर काही कमी). या सर्वांचे विवाह जसे झाले तसेच व्हावे लागतील. एवढ्यानेही भागत नाही. मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र बीजपेशीत जाते, म्हणून एका व्यक्तीच्या बीजपेशी दोनाचा तेविसावा घात इतक्या प्रकारच्या होऊ शकतात. हा आकडा ८३,८८,६०८ आहे. ८४ लक्ष योनींची आठवण व्हावी इतका तो जवळचा आहे, अर्थात हा निव्वळ योगायोग. आई आणि वडील अशा दोघांचा गुणाकार केला की एकाच जोडप्याच्या पोटी येऊ शकणाऱ्या अपत्यांचे सुमारे सत्तर लाख कोटी प्रकार होतात, आणि यात गुणसूत्रांची आपसांतील देवाणघेवाण धरलेलीच नाही. गर्भधारणेची घटका किंचित जरी हलली तरी जन्मणारे मूल दुसरे असते. पानिपतासारखी घटना बदलल्यावर देशभरातल्या लाखो घरांतली घटका हलल्याशिवाय कशी राहील? तेव्हा विनय गायतोंडे यादीत नसणे ही कथाकाराची लहर नाही. तो यादीत सापडता तरच नवल होते.

समांतर विश्वाची कथा वाचणारा किंवा पाहणारा बहुधा हेच विसरतो. एक गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे, आणि त्या साऱ्यात स्वतःलाही ठेवायचे, असा त्याचा व्यवहार असतो. दूरचित्रवाणीने या सवयीला खतपाणी घातले आहे. 'स्टार ट्रेक' मालिकेचा 'मिरर, मिरर' हा भाग ६ ऑक्टोबर १९६७ रोजी अमेरिकेत प्रथम दाखविला गेला. त्यात जहाजावरील चौघे जण एका क्रूर साम्राज्याच्या विश्वात जाऊन पोहोचतात. इतिहास उलटा, नीती उलटी. जहाज मात्र तेच, त्यावरची माणसे तीच, नावेही तीच. स्पॉक या पात्राला तेथे फक्त दाढी आहे. प्रेक्षकांनी तो भाग डोक्यावर घेतला. दाढी ही दुष्ट प्रतिरूपाची खूण म्हणून रूढ झाली आणि पुढे १९९४ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या मालिकेने त्या विश्वाची पुन्हा वारी केली. करमणूक म्हणून ठीक. पण ज्या विश्वाचा सारा इतिहास निराळा, तेथे तेच आईबाप, तीच अपत्ये आणि त्याच नेमणुका कशा? नटसंच एकच आहे, एवढेच याचे खरे उत्तर. १९९३ चा 'पॅरलल्स' हा भाग या बाबतीत बरा आहे. त्यात वॉर्फ एकामागून एक विश्वांत घसरत जातो, आणि पहिला फरक दिसतो तो वाढदिवसाच्या केकच्या चवीत! शेवटी एकाच आकाशात २,८५,००० एंटरप्राइज जहाजे गोळा होतात. मात्र येथेही प्रत्येक जहाजावर ओळखीचेच चेहरे आहेत. नारळीकरांनी मुलाला यादीतून गाळले, हे या पार्श्वभूमीवर मोठे वाटते.

शाळेतला सर्वांत अवघड प्रश्न याच्याही पुढचा होता. एका मुलीने विचारले, की त्या जगात पेशवाई टिकली, मग महाडचे तळे झाले असते का? तिच्या एका शिक्षकांना हे विषयांतर वाटले. आम्हांला तसे वाटले नाही. डॉ. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, कारण त्यांचे वडील इंग्रजांच्या सैन्यात होते आणि महू ही इंग्रजांची छावणी होती. कथेतल्या भारतात ती छावणी संभवत नाही. विनय गायतोंडेला लावलेला नियम येथेही लागू केला पाहिजे : त्या जगात बाबासाहेब नाहीत, आणि २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह जसा झाला तसा नाही. दुसरे कोणी उभे राहिले असते का, आधी की नंतर, हे कोणताही सिद्धांत सांगू शकत नाही. म्हणून या हिशेबातून इंग्रजी राज्याचे समर्थनही निघत नाही. पण कथा वाचून उरलेल्या वर्गाचा ऊर भरून आला असताना या मुलीला आपली आजची जागा त्या जगात दिसत नव्हती. कथेने तिला उत्तर दिलेले नाही. तेथे विज्ञानकेंद्रे आहेत, निवडून आलेल्या संस्था आहेत, वेगवान गाडी आहे. जातिव्यवस्थेचे काय झाले याबद्दल अवाक्षर नाही. कथेच्या विस्ताराची मर्यादा मान्य करूनही ही उणीव आम्ही उणीवच मानतो. लोकशाही आली असे सांगणाऱ्या लेखकाने पाणवठ्याचे काय झाले तेही सांगायला हवे होते.

राहिले कथेतील पदार्थविज्ञान. गंगाधरपंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे दोन आधार देतात. पहिला कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांताचा. फ्रेंच गणिती रने तोम यांचे त्यावरचे पुस्तक १९७२ मध्ये निघाले आणि त्या दशकात हा सिद्धांत प्राण्यांच्या वर्तनापासून तुरुंगातील दंगलींपर्यंत सर्वत्र लावला गेला. तो बहर लवकरच ओसरला. एका गोळीने युद्ध फिरते हे समजावण्यासाठी आज शिक्षकांनी केऑस सिद्धांताकडे, लॉरेन्झ यांच्या १९६३ च्या हवामानविषयक कामाकडे वळावे.

दुसरा आधार पुंजयामिकीचा, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचा. इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेला जाईल हे आधी सांगता येत नाही. एका विश्वात तो येथे, दुसऱ्यात तेथे. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या कल्पनेशी हे जुळते. पण गोळी म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे. वीस ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने जात असेल तर तिचा संवेग ६ एकक होतो. प्लांकच्या स्थिरांकाला त्याने भागले की तरंगलांबी सुमारे दहाचा उणे चौतिसावा घात इतके मीटर येते. प्रोटॉनच्या व्यासाहूनही ती दहाचा एकोणिसावा घात इतक्या पटींनी लहान. हा भागाकार विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. गोळीची दिशा पुंजीय अनिश्चिततेने बदलायची तर ती सूक्ष्म पातळीवरून पायरीपायरीने मोठी होत यावी लागेल : दारूचे ज्वलन, हाताचा कंप, घोड्याची हालचाल. हे अशक्य नाही, पण कथेत ही मधली पायरी नाही.

आणि एका विश्वातून दुसऱ्यात जाणे? येथे कथेचा दुवा सर्वांत कच्चा आहे. धडकेच्या क्षणी पंत पानिपताचा विचार करीत होते, त्यांच्या मेंदूतील पेशींनी संक्रमण घडविले असावे, असे राजेंद्र सुचवितो. परंतु पुंजयामिकीचे मूळ समीकरण रैखिक आहे. याचा अर्थ असा, की त्याच्या उत्तराचे दोन भाग एकमेकांची दखल न घेता पुढे जातात, आणि भोवतालच्या हवेशी व प्रकाशाशी संबंध आला की ते पुन्हा जुळण्याची शक्यता व्यवहारात उरत नाही. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८९ मध्ये या समीकरणात किंचित अरैखिकता असू शकेल का, असा प्रश्न केला. १९९१ मध्ये जोसेफ पोल्चिन्स्की यांनी दाखविले, की तशी असती तर एका शाखेतून दुसरीत निरोप पाठविता येईल. त्याला त्यांनी 'एव्हरेट फोन' असे गमतीचे नाव दिले. प्रयोगांत अशी अरैखिकता आढळलेली नाही. निरोपाचीच जेथे वाट नाही तेथे प्राध्यापक कसे जाणार?

असे असूनही शेवटच्या संवादात राजेंद्र ज्या क्रमाने वागतो तो आम्हांला फार आवडतो. मित्राची हकीकत ऐकून आधी तो ती कल्पनेचा खेळ ठरवतो. पंत खिशातून बखरीचे फाटलेले पान काढतात, त्यावर विश्वासराव वाचल्याचा मजकूर छापलेला आहे. ते पाहिल्यावर मात्र तो गंभीर होतो. शिक्षकांनी या जागी थांबून विचारावे, की असे पान तुमच्यासमोर आले तर तुम्ही आधी काय तपासाल? कॅम्प ४ च्या मुलांनी कागद, शाई, छपाईचे खिळे असे पटापट सांगितले. मग एका मुलाने विचारले, "सर, पण हे पान आलं म्हणजे आपल्या विश्वाचं वजन वाढलं ना?" पान दोन ग्रॅमचे धरले, तर त्या वस्तुमानाची ऊर्जा हिरोशिमाच्या बाँबच्या जवळजवळ तिप्पट भरते. एवढी ऊर्जा कोठून आली, याचे उत्तर कथेत नाही, आमच्याकडेही नव्हते. मागे उभ्या असलेल्या गणिताच्या बाई म्हणाल्या, की तिकडे ग्रंथालयाच्या बखरीत दोन ग्रॅम कमी भरले असतील. यावर वर्गाचे दोन तट पडले, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालूच होता.