व्यापारचक्रांची समकालिकता : ब्रिटनच्या युरो-कसोटीचे परीक्षण

शेजारच्या चलनसंघात सामील होणारा देश स्वतःचा व्याजदर आणि विनिमय दर ही दोन्ही साधने सोडून देतो. म्हणून आधी पाहिले जाते, की दोघांकडे तेजी-मंदी एकाच वेळी येते का. यालाच व्यापारचक्रांची समकालिकता म्हणतात.

ब्रिटनला या प्रश्नाचे महत्त्व अनुभवातून कळले. जर्मनीच्या एकीकरणानंतर तेथील मध्यवर्ती बँकेने महागाई रोखण्यासाठी व्याजदर चढे ठेवले. ब्रिटन मात्र मंदीत होता. पौंडाचा दर युरोपीय विनिमय दर यंत्रणेत बांधलेला असल्याने त्याला व्याजदर हवे तेवढे उतरवता येईनात. अखेर १६ सप्टेंबर १९९२ रोजी तो यंत्रणेबाहेर पडला. पुढे १९९७ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी युरो-प्रवेशासाठी पाच कसोट्या मांडल्या. पहिली कसोटी व्यापारचक्रांच्या मेळाची होती. २००३ च्या मूल्यमापनात ती पूर्ण झाली नसल्याचा निष्कर्ष निघाला.

कसोटी रास्त होती, पण तिच्या तीन मर्यादा लक्षात घ्या.

पहिली, समकालिकता स्थिर नसते. फ्रँकेल आणि रोझ यांनी १९९८ मध्ये दाखवले, की परस्पर व्यापार वाढला की चक्रेही जवळ येतात. म्हणजे प्रवेशापूर्वी नापास ठरलेला देश प्रवेशानंतर पास होऊ शकतो. उलट क्रुगमन यांच्या मते एकत्रीकरणाने उद्योगांचे विशेषीकरण वाढून चक्रे दूरही जाऊ शकतात.

दुसरी, सहसंबंध गुणांक घसरणीची दिशा सांगतो, खोली नाही. एका देशाचे उत्पादन दर वेळी दुसऱ्याच्या पाचपट घसरले वा वाढले, तरी गुणांक १ येईल. पण दोघांना एकच व्याजदर मानवेल का?

तिसरी, समान धक्का म्हणजे समान गरज नव्हे. २००८ च्या संकटात ब्रिटन आणि युरो क्षेत्र एकत्रच मंदीत गेले. तरीही २०११ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याजदर दोनदा वाढवून १.५ टक्क्यांवर नेला, तर बँक ऑफ इंग्लंडने, देशात महागाई अधिक असूनही, तो ०.५ टक्क्यांवरच ठेवला.

म्हणून केवळ गुणांक पाहून निर्णय देऊ नका. चक्रे कशामुळे जुळली, चढउतार किती मोठे आहेत आणि पुन्हा फारकत झाली तर देशाकडे कोणते साधन उरेल, हे तपासा. १९९२ मध्ये ब्रिटनकडे बाहेर पडण्याची वाट होती. समान चलन स्वीकारल्यावर ती इतकी सोपी राहत नाही.