निकालपत्रातला डिकन्स

१० जानेवारी २०२० चे काश्मीर इंटरनेटबंदीवरील सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र मी साहित्य म्हणूनच वाचले. आरंभीच डिकन्सची कादंबरी! इंटरनेटवरून बोलणे हे कलम १९ खालचे स्वातंत्र्य, बेमुदत बंदी नियमबाह्य, आदेश प्रसिद्ध करा. हे सारे ठीक. पण ऑगस्ट २०१९ मध्ये तोडलेली जोडणी निकालाने जोडून दिली नाही. फोर-जी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. २ एप्रिल २०१८ ला अॅट्रॉसिटी कायद्यासाठी आपली माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हाही पंजाबात मोबाइल इंटरनेट बंदच होते. इतरांकडे वर्तमानपत्रे होती. आपल्याकडे हातातला फोन. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ केले तरी छापली नव्हती.