सोडायचे काय : शाळा की भीती?

अमेरिकेतील शिक्षक जॉन होल्ट यांचे ‘हाऊ चिल्ड्रेन फेल’ हे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले. पाचवीच्या वर्गात बसून केलेल्या नोंदींचे हे पुस्तक आहे. त्यात तक्ते नाहीत, प्रश्नावल्या नाहीत. तरीही विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे आम्हाला वाटते, कारण त्याचा सारा पाया निरीक्षणाचा आहे.

होल्ट आणि त्यांचे सहकारी बिल हल मिळून एक वर्ग सांभाळत. हल शिकवत असताना होल्ट बाजूला बसून मुलांकडे पाहत. शिकवणाऱ्याचे लक्ष उत्तर देणाऱ्या मुलाकडे असते. होल्ट यांनी उरलेला वर्ग पाहिला. त्यांना जे दिसले ते आपल्याही ओळखीचे आहे. कोणी उत्तर मुद्दाम पुटपुटत असे, म्हणजे शिक्षक त्यातले बरोबर तेवढे ऐकून घेतील. कोणी शिक्षकांचा चेहरा वाचून अर्ध्यावर उत्तर बदलत असे. विचार प्रश्नाचा नव्हे, सुटकेचा चालला होता.

त्यांनी सांगितलेला एक खेळ पाहू. शिक्षकाने १ ते १०,००० मधील एक संख्या मनात धरायची आणि मुलांनी प्रश्न विचारून ती शोधायची. ‘५,००० पेक्षा मोठी आहे का?’ याला ‘हो’ असे उत्तर आले की मुले आनंदाने ओरडत. ‘नाही’ आले की हिरमुसत. वास्तविक दोन्ही उत्तरांतून मिळणारी माहिती सारखीच. निम्म्या संख्या बाद होतात. दर वेळी असे निम्मे करत गेले तर १४ प्रश्नांत संख्या सापडलीच पाहिजे, कारण २ चा १४ वा घात १६,३८४ आहे. पण मुलांना ‘नाही’ हा शब्द माहिती म्हणून ऐकूच येत नव्हता. तो हार म्हणून ऐकू येत होता. ज्याला ‘नाही’ची धास्ती वाटते, तो प्रयोग कसा करणार?

इथपर्यंत आम्ही होल्ट यांच्याबरोबर आहोत. पुढे मात्र वाट वेगळी होते. शाळा आतून सुधारतील ही त्यांची आशा हळूहळू मावळली. १९७७ मध्ये त्यांनी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९८१ च्या ‘टीच युवर ओन’ या पुस्तकात पालकांना शाळेविना शिकवण्याचा मार्ग सांगितला. या विचाराला त्यांनी ‘अनस्कूलिंग’ म्हटले. याचा अर्थ घरात शाळा भरवणे असा नाही. इयत्ता, वेळापत्रक, परीक्षा यांविना मुलाने आपल्या कुतूहलामागे जावे, असा आहे.

या निष्कर्षाला पुरावा कोणता? त्या नियतकालिकात मुख्यतः पालकांची पत्रे असत. ती मनापासून लिहिलेली होती. पण ज्यांना हा मार्ग जमला तेच बहुधा लिहिणार. ज्यांनी मध्येच सोडून दिला ते कशाला पत्र पाठवतील? असा नमुना आपण प्रयोगवहीत मान्य करणार नाही.

दुसरे असे की, होल्ट यांनी पाहिलेली मुले खासगी शाळांतील होती. त्यांच्या घरी पुस्तके होती, बोलायला मोठी माणसे होती. जिच्या घरी आईवडील पहाटेच मजुरीला जातात, त्या मुलीला शाळेतून मोकळे केले तर ती कुतूहलामागे जाणार नाही. धाकट्या भावंडाला कडेवर घेईल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढावी लागली. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. ६ ते १४ वयाच्या मुलांना तो हक्क देणारा कायदा झाला २००९ मध्ये. जे दार उघडायला इतकी वर्षे लागली, ते मुलांसाठी अडसर आहे असे सरसकट म्हणता येणार नाही.

मात्र एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. शाळा हवी, हे खरे. पण शाळेतली भीतीही त्याबरोबर आलीच पाहिजे, असे थोडेच आहे? होल्ट यांचा उपाय नाकारताना त्यांचे निदानही बाजूला सारणे फार सोयीचे असते.

म्हणून आमची एक सूचना आहे. संख्येचा हा खेळ आपल्या वर्गात घेऊन पाहा. ‘नाही’ म्हणताना मुलांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवा. वर्ग हिरमुसला, तर तो मुलांचा दोष समजू नका. ‘चूक’ हा शब्द आपण आजवर कोणत्या सुरात उच्चारला, त्याची ती नोंद आहे.