बालकथेतील जादू आणि अवकाशयान

मुलांच्या हाती गोष्टीचे पुस्तक देताना आपल्या धर्मग्रामांतील पालक बहुधा एक ठरावीक भेद करतात. पुस्तकात अवकाशयान असले तर ते ज्ञानवर्धक ठरते. जादू असली तर संशयास्पद ठरते. मग ज्या साहसकथेत जादू आणि अंतराळप्रवास एकत्र नांदतात तिचे काय करावे, हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार ठेवला जातो. ख्रिस्तसभेने जादूटोण्याला ठाम नकार दिलेला आहे, तेव्हा पालकांची काळजी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यांनी आखलेली सीमारेषा योग्य जागी पडलेली नाही, असे आमचे नम्र मत आहे. कथेतील अद्भुत मंत्राने घडते की यंत्राने, हा प्रश्न गौण होय. ते अद्भुत बालनायकाचे काम परस्पर उरकून टाकते, की त्याच्या खांद्यावर काही जबाबदारी ठेवते, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळसारख्या गावी बसून हे लिहिताना एक उदाहरण सहजच समोर येते. याच जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. लवणासुर नावाचा दैत्य भूमीच्या पोटात दडून लोकांना छळीत असे, विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने त्याचा वध केला आणि त्या दैत्याचे विवर म्हणजेच हे सरोवर, अशी लोककथा आहे. शास्त्रज्ञ सांगतात की, आकाशातून कोसळलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पडले. अर्वाचीन कालमापनानुसार त्यास सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे झाली असावीत. मेहकर-लोणार परिसरातील मुलांच्या कानांवर या दोन्ही हकिकती पडतात. आजीने सांगितलेली कोणती आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहावयाची कोणती, हे त्यांना उत्तम कळते. बालमन समजते तितके भाबडे नसते.

मराठी मुलांना अंतराळाची वाट दाखविण्याचे मोठे श्रेय भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्याकडे जाते. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी खेळकर मराठीत आणल्या. त्यांतील ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’चे मूळ १८७७ सालच्या एका फ्रेंच कादंबरीत आहे. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि तिचा तुकडा, त्यावरील हवापाणी व माणसांसह, उचलून घेऊन जातो, अशी तिची कल्पना आहे. शास्त्राच्या कसोटीवर हे टिकणारे नाही. अशा धडकेत कोणीही जिवंत उरणार नाही. म्हणजे विज्ञानाचा अंगरखा घातलेली ही जादूच होय. तरीही कथा मुलांना काही देऊन जाते, कारण धूमकेतूवर पोहोचलेल्या माणसांना ऊब शोधावी लागते, शिधा पुरवावा लागतो, एकमेकांचे स्वभाव सोसावे लागतात. मूळ कादंबरीचा खरा दोष निराळाच आहे. तीत एका ज्यू व्यापाऱ्याचे जे कुत्सित चित्र रंगविले आहे, ते बालमनाला कोणत्याही जादूपेक्षा अधिक अपायकारक होय. पुस्तकात जादूगार आहे काय, एवढेच पाहणाऱ्या पालकांच्या दृष्टीतून नेमका असाच दोष निसटतो.

डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या विज्ञानकथा प्रौढांसाठी लिहिलेल्या असल्या तरी शाळकरी वाचकांनीही त्या आवडीने वाचल्या. यक्ष, भस्मासूर, वामन ही पुराणांतील नावे त्यांनी आपल्या पुस्तकांच्या शीर्षकांत घेतली, ती आमच्या मते केवळ शोभेसाठी नसावीत. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहातील ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा पाहावी. गणपतीच्या मूर्तीची सोंड दुसऱ्या बाजूस वळते आणि एक क्रिकेटपटू अकस्मात दुसऱ्या हाताने गोलंदाजी करून सर्वांना थक्क करतो. प्रथमदर्शनी हा चमत्कार वाटतो. पुढे उलगडा होतो तो भूमितीने. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन तिची टोके चिकटविली की मोबियसची पट्टी तयार होते. तिच्यावरून फिरून आलेली सपाट आकृती आरशातील प्रतिबिंबासारखी उलटलेली परत येते. त्रिमित वस्तूचेही असे होऊ शकेल काय, असा प्रश्न लेखक विचारतो. कथा संपल्यावर मूल कात्री, कागद आणि डिंक शोधू लागते. अद्भुताने वाचकाला कामाला लावावे ते असे.

त्यांची ‘धूमकेतू’ ही कथा आमच्या विषयाला अधिक भिडते. दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक एक नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते आणि जगातील शास्त्रज्ञ अवकाशात स्फोट घडवून त्याची वाट वळवितात. इकडे घरी मात्र अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ होतो आणि सुटकेचे श्रेय त्यालाच दिले जाते. कथेचा रोख स्पष्ट आहे व तो आम्हांस मान्य आहे. तथापि एक उणीव नोंदविणे भाग आहे. घरातील स्त्रीची भीती लेखकाने उपहासाच्या अंगाने रंगविली. त्या भीतीमागची माया त्याच्या लेखणीतून पुरेशी उतरली नाही. आपल्या माणसांवर संकट येईल या धास्तीने जी स्त्री काहीतरी करू पाहते, ती आधी समजून घेण्यास पात्र आहे, मग उपदेशास.

मात्र हा चिमटा आपणांसही लागू पडतो, हे विसरू नये. प्रार्थना याचना करते आणि उत्तर परमेश्वरावर सोपविते. जादू शक्तीला वेठीस धरू पाहते. अभ्यास न करता परीक्षेच्या दिवशी मुलाच्या गळ्यात पदक अडकविणारे आणि तेवढ्यावर निर्धास्त होणारे कुटुंब या दोहोंतील कोणत्या बाजूस उभे आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. अशा घरात जादूच्या पुस्तकावर बंदी घालून फारसे साधत नाही.

कथेतील जादू आणि व्यवहारातील जादूटोणा यांची गल्लत किती महागात पडते, याचा दाखला खगोलशास्त्राच्या इतिहासातच आहे. ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या योहान केप्लरने ‘सोम्नियम’ म्हणजे ‘स्वप्न’ नावाची चंद्रप्रवासाची कथा लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६३४ साली प्रसिद्ध झाली. तीत एक मुलगा, औषधी वनस्पतींची जाणकार अशी त्याची आई आणि चंद्राची माहिती देणारा एक अदृश्य आत्मा आहे. चंद्रावरून आकाश कसे दिसेल, हे सांगण्यासाठी योजलेली ती युक्ती होती. परंतु केप्लरच्या वृद्ध आईवर चेटकीण म्हणून खटला भरला गेला. १६२० साली तिला अटक झाली आणि वर्षाहून अधिक काळ ती कैदेत राहिली. हस्तलिखिताची वाच्यता झाल्याने अफवांना खतपाणी मिळाले, असे केप्लरला स्वतःला वाटत असे. गोष्टीची साक्ष करणाऱ्यांनी एका म्हातारीला साखळदंडांत जखडले! हे सारे फार जुने आणि दूरचे मानू नये. करणीच्या संशयावरून माणसांना, विशेषतः निराधार स्त्रियांना, छळण्याचे प्रकार आपल्या राज्यातही घडत आले, म्हणूनच २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. गोष्ट ही गोष्ट म्हणून वाचण्याची सवय बालपणीच लागली, तर शेजारणीकडे संशयाने पाहण्याची सवय कदाचित लागणार नाही.

जादू आणि अंतराळप्रवास यांचा उत्तम मेळ पाहावयाचा असेल, तर अमेरिकन लेखिका मॅडलिन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’ (१९६२) या कादंबरीचा निर्देश करावा लागेल. मेग ही चिडखोर, स्वतःला कुरूप समजणारी मुलगी आपल्या बेपत्ता शास्त्रज्ञ वडिलांच्या शोधात निघते. तीन विलक्षण वृद्धा तिला ग्रहाग्रहांतून नेतात, त्या अवकाशाला वस्त्रासारखी घडी घालून. लेखिका श्रद्धावंत अँग्लिकन ख्रिस्ती होती. तरी वृद्धांना चेटकिणी ठरवून काही ख्रिस्ती मंडळींनीच १९९० च्या दशकात हे पुस्तक शाळा-ग्रंथालयांतून काढावे अशी मागणी केली. त्यांनी शेवटपर्यंत वाचले असते तर बरे झाले असते. एका अधिसत्तेने साऱ्या माणसांची मने एका तालावर बांधलेली आहेत आणि मेगचा लहानगा भाऊ तिच्या कह्यात सापडला आहे. त्या वेळी वृद्धांची जादू उंबरठ्यावर थांबते; वडिलांचे शास्त्रही तेथे चालत नाही. मेगला एकटीने आत जावे लागते. तिच्यापाशी भावावरचे प्रेम तेवढे आहे, आणि ते त्या सत्तेपाशी नाही. सर्वच श्रद्धांतील थोरांना लेखिका एका पंक्तीत बसविते, हे काही वाचकांना खटकेल. तो मतभेद मांडता येतो, आणि मुलाशी बोलताना मांडावाही. त्यासाठी पुस्तक दूर सारण्याचे कारण नाही.

बाजारात अशाही कथा पुष्कळ आहेत, ज्यांत नायकाने कांडी फिरविली वा कळ दाबली की शत्रू भस्म होतो आणि नायकाला काहीच मोजावे लागत नाही. त्यांत यान आहे म्हणून त्या चांगल्या ठरत नाहीत. आमची पालकांना एवढीच विनंती आहे की, पुस्तक प्रथम स्वतः वाचावे, निदान मुलाबरोबर वाचावे. वाचून झाल्यावर त्याला विचारावे : ती शक्ती नसती तर त्या मुलाने काय केले असते? त्याला काय सोडावे लागले? घरी परतल्यावर तो कोणाशी निराळा वागला? मुलाला उत्तर देता आले, तर पुस्तक घरात ठेवण्याजोगे आहे. उत्तर सापडले नाही, तर पुढच्या खेपेस निराळे पुस्तक आणावे.